चिकूच्या वाडीत जाळी दिसली? फवारणीआधी ती उघडून बघा

पाऊस लागला की डहाणू, घोलवड, बोर्डीच्या वाड्यांत चिकूच्या शेंड्यांना वाळक्या पानांचे झुबके लोंबू लागतात. बरेच बागायतदार त्याला करपा समजून बुरशीनाशक मारतात आणि पैसा पाण्यात जातो. हे काम चिकू पतंगाच्या अळीचं आहे. ती वर्षभर असते, पण जून-जुलैत तिचा जोर जास्त.

एक झुबका तोडून पानं हळूच सोडवा. रेशमी धाग्यांनी जोडलेली पानं, हिरवा भाग खरवडून उरलेल्या शिरा, धाग्यांत अडकलेली काळसर दाणेदार विष्ठा. जाळी ताजी असेल तर आत गुलाबीसर अळी मिळेल. पाठीवर उभ्या रेघा, पूर्ण वाढल्यावर साधारण इंचभर लांब. हीच अळी कळ्या आणि फुलंही खाते, खरं नुकसान तिथे होतं.

पतंग मात्र फार कमी जणांनी नीट पाहिलाय. रात्री पडवीतल्या दिव्याखाली भिंत न्याहाळा. राखाडी रंगाचा, पुढच्या पंखांवर गडद ठिपके असलेला लहानसा पतंग पंख अंगाशी मिटून बसलेला असतो. भिंग धरलंत तर तोंडापुढे आलेले ओष्ठस्पर्शक (तोंडाजवळचे जोडीचे छोटे अवयव) सोंडेसारखे दिसतात. या कुळातल्या पतंगांची ही मोठी खूण.

गल्लत दोन किडींशी होते. कळी पोखरणारी अळी कळीला बारीक भोक पाडून आत शिरते. बी पोखरणारी अळी फळातली बी खाते आणि बाहेर पडताना सालीला भोक पाडते. या दोघी पानांचे झुबके करत नाहीत, म्हणून पानांची जाळी दिसली तर संशय आधी चिकू पतंगावर.

माझं ठाम मत, पहिलं औषध म्हणजे कात्री. झुबके कापून पोत्यात भरा आणि जाळा. झाडाखाली टाकू नका, कारण कोषही त्या जाळीतच असतात. फांद्यांची दाटी विरळ करा, संध्याकाळी प्रकाश सापळा लावा. पावसाची उघडीप मिळाली की 5 टक्के निंबोळी अर्क फवारा: 5 किलो निंबोळी पावडर रात्रभर पाण्यात भिजवून गाळा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला आणि एकूण 100 लिटर द्रावण करा. फवारणी उन्हं कलल्यावर.

तरीही नव्या पालवीवर जाळ्या वाढल्या, तर दुकानदाराला विचारून औषध आणू नका. अळीसकट एक झुबका डबीत घालून कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.