मुलांना पुस्तक सुचवायचंय? आधी हे विचारा

"मुलगा १० वर्षांचा आहे, कुठलं पुस्तक देऊ?" असं कोणी विचारलं की लगेच यादी पाठवू नका. नुसत्या वयावरून काही कळत नाही. दहा वर्षांची एखादी मुलगी जाडजूड कादंबरी दोन दिवसांत संपवते आणि तिच्याच बाकावरचा मुलगा मराठीच्या चार ओळी वाचून कंटाळतो, दोघंही हुशारच असतात. त्यामुळे आधी तीन गोष्टी विचारायच्या. शेवटचं आवडीने काय वाचलं (कॉमिक्स, पेपरातलं क्रिकेटचं पान, काहीही चालतं), मोबाईलवर काय बघत बसतो, आणि मराठी सलग वाचता येतं की अडखळतो. हा तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत आणि सगळं तिथेच फसतं.

कारण इंग्लिश मिडियमची कितीतरी मुलं घरात फाडफाड मराठी बोलतात, ऐकलेलं सगळं समजतं, पण वाचताना जोडाक्षर आलं की थांबली. अशा मुलाची समज बारा वर्षांची आणि वाचनाचा वेग दुसरीतला, मग त्याला चिऊकाऊचं पुस्तक दिलं तर अपमान वाटतो आणि 'श्यामची आई' हातात दिलं तर दोन पानांत मिटून ठेवतो, आणि आपण म्हणतो याला वाचनाची आवडच नाही! आवड असते हो, वेग नसतो. पुस्तक मधेच कुठेही उघडा, एक पान मोठ्याने वाचून घ्या, पाच-सहापेक्षा जास्त शब्दांना अडला तर ते पुस्तक सध्या तुम्ही वाचून दाखवायचं. एक पान तुम्ही, एक परिच्छेद तो. मोठ्या मुलांनाही वाचून दाखवलेलं आवडतं, लाज वाटते ती आपल्यालाच. एकट्याने वाचायला दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' द्या, प्रत्येक गोष्ट सुटी आहे आणि संवाद भरपूर, त्यामुळे एक गोष्ट संपवल्याचं समाधान लवकर मिळतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि वाचनाच्या चार पायऱ्या लावलेल्या आहेत, तिथे इयत्ता बघू नका, पायरी बघा. अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरेंची पुस्तकं डोळे मिटून सुचवा, चित्रांतच इतकं काही असतं की अक्षर न येणारं मूलही तासभर बसतं.

वेग आला की मग आवडीकडे वळायचं. धावपळ, चोर पकडणं, सायकल आवडत असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. त्यातलं पुणं आता जुनं झालंय, तेव्हा पहिली गोष्ट सोबत वाचा, पुढे तो एकटा पळतो. प्राण्यांचे व्हिडिओ बघणाऱ्या टीनएजरला व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' द्या, वानरांच्या टोळ्यांमधली लढाई आहे, पुस्तक छोटं आहे आणि कुठेही उपदेश नाही. सायन्सवाल्यांना जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा. खऱ्या माणसांच्या गोष्टी हव्या असतील तर वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' (अमेरिकेतल्या एका कृषिशास्त्रज्ञाचं चरित्र), १९८१ पासून पोरं वाचतायत ते उगाच नाही.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना सुचवताना आपण फार घाबरतो, आणि मग चरित्रं आणि सुविचारच देत बसतो. या वयात त्यांना स्वतःसारखं कोणीतरी पुस्तकात भेटायला हवं असतं. प्रकाश नारायण संतांचा लंपन ('वनवास'पासून सुरू करा) आतल्या आत किती विचार करतो ते वाचून अबोल मुलं खूश होतात, भाषेला बेळगावकडचा सूर आहे, तो कानाला बसायला दहा-पंधरा पानं जातात हे आधीच सांगून ठेवा. मिलिंद बोकीलांचं 'शाळा' नववीतल्या मुलांचं आहे, आणीबाणीच्या काळातलं, त्यात पोरांची खरी भाषा आहे आणि प्रेमात पडणंही आहे. पालकांनी आधी स्वतः वाचावं, मग द्यावं, पण 'अजून लहान आहे' म्हणून दहावी होईपर्यंत लपवून ठेवू नये. त्या वयाचं पुस्तक त्या वयातच वाचायला मिळालं पाहिजे.

सुचवताना एक नाव कधीच सांगू नका, तीन सांगा आणि त्यातलं एक पातळ असू द्या. निवड मुलाची. वीस पानांनंतर आवडलं नाही तर सोडायची परवानगी द्या, अगदी मनापासून द्या, चेहरा पाडून नको! आणि वाचून झाल्यावर "काय शिकलास?" हा प्रश्न नकोच, त्याने पुस्तकाचा धडा होतो. "कोण आवडलं?", "तू असतास तर काय केलं असतंस?" असं विचारा, नाहीतर गप्प बसा.

पैशाचा प्रश्न असेल तर आधी विकत घेऊच नका. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात, 'तोत्तोचान'चा (जपानमधल्या एका छोट्या मुलीची आणि तिच्या शाळेची गोष्ट) मराठी अनुवाद त्यांचाच आहे, आठ-नऊ वर्षांच्या मुलांना वाचून दाखवायला मस्त. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, आणि मुलाला नेमकं काय आवडतं हे कळत नसेल तर मी तिथूनच सुरुवात करायला सांगते. एका अंकात कथा, कविता, कोडी, माहिती सगळं असतं. अंक उघडून द्या आणि तो कुठल्या पानावर जास्त वेळ थांबतो तेवढं बघा, पुढचं पुस्तक त्यावरून ठरवा.