आवडते ध्वनिमुद्रण रसिकांपर्यंत पोहोचवताना

शास्त्रीय संगीताचे एखादे आवडते ध्वनिमुद्रण दुसऱ्या रसिकाला पाठवताना 'जरूर ऐका' एवढेच लिहिले, तर बहुतेक वेळा ते न ऐकताच पडून राहते. तासाभराचा ख्याल, म्हणजे सावकाश विस्तारत जाणारे रागगायन, समोर आला की लक्ष कुठे द्यायचे हे ऐकणाऱ्याला उमगत नाही आणि पाठवणाऱ्याला त्यात नेमके काय भावले, हेही कळत नाही. म्हणून एका वेळी एकच ध्वनिमुद्रण निवडावे आणि त्यातली एखादी जागा दाखवून द्यावी.

गायक उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा हा राग घ्या. 'पिया मोरे अनत देस' हा अतिविलंबित, म्हणजे अतिशय संथ लयीचा ख्याल झूमऱ्यात, म्हणजे चौदा मात्रांच्या तालात बांधलेला आहे. मारव्यात कोमल रिषभ (रे) आणि धैवत (ध) यांचा अंमल असतो, तर षड्ज (सा) बराच वेळ टाळला जातो. तेव्हा सोबत इतकेच लिहावे, की षड्ज कधी लागतो याकडे कान ठेवा आणि लागल्यावर गायक तिथे किती थांबतो तेही पाहा. एवढ्या सूचनेने ऐकणाऱ्याला बसायला कारण मिळते. याउलट संपूर्ण रागविस्ताराचे विवेचन आधीच लिहून पाठवले, तर तो गाणे ऐकण्याऐवजी पाठवणाऱ्याचेच शब्द गाण्यात शोधत बसतो. 'स्वर्गीय', 'अद्वितीय' ही विशेषणे तर टाळावीतच. त्यांतून गाण्याविषयी काहीच कळत नाही.

ध्वनिमुद्रण कोणते द्यायचे, हे समोरच्याच्या सवयीवर ठरते. ज्याला ख्याल ऐकण्याचा फारसा सराव नाही, त्याला ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकडीवरचे गाणे द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, त्यामुळे गायकाला सारे सत्त्व तेवढ्यात उतरवावे लागे. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटी रागातली 'पिया बिन नाही आवत चैन' किंवा केसरबाई केरकर यांची भैरवीतली 'जात कहाँ हो' ऐकताना काही अपुरे राहिल्यासारखे वाटत नाही. केसरबाईंचे हेच गाणे १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर आहे. अनोळखी श्रोत्यासाठी केलेली ती निवड मला अतिशय योग्य वाटते. सरावलेल्या रसिकाला मात्र जोडीने द्यावे: मारव्यासोबत पूरिया आणि सोहनी हे राग. तिघांचे स्वर तेच, पण पूरियाचा ओढा मंद्राकडे, म्हणजे खालच्या सप्तकाकडे, आणि सोहनीचा तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या सा कडे. हे कानांनी ओळखण्याचा आनंद त्याला स्वतःला मिळू द्यावा.

आता माहितीविषयी. कलाकार, राग, ताल आणि बंदिशीचे बोल हे तर लिहावेच, पण तबला, सारंगी किंवा हार्मोनियम यांच्या साथीदारांची नावेही शोधून लिहावीत, कारण फाइल हातोहात फिरताना सर्वांत आधी तीच गळून पडतात. रागाविषयी शंका असेल तर अंदाजाने नाव देऊ नये. एकदा चुकीचे नाव चिकटले की ते प्रत्येक प्रतीबरोबर पुढे जाते. जुन्या तबकड्यांच्या शेवटी काही गायिका स्वतःचे नाव उच्चारतात. तो भाग कापून टाकू नये. तो त्या ध्वनिमुद्रणाचाच अंश आहे.

वेगाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते आणि गाण्याचे खरे नुकसान तिथेच होते. तबकडी ७८ ची म्हणवली जात असली तरी जुनी मुद्रणे नेहमी नेमक्या त्याच वेगाने झालेली नसत, आणि कॅसेटवरून केलेल्या प्रतींतही वेग हलतो. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की पांढरी एकचा षड्ज काळी एकवर, म्हणजे हार्मोनियमच्या लगतच्या वरच्या पट्टीवर जातो, आवाज बारीक होतो आणि ताना गायकाने घेतल्याच नव्हत्या इतक्या जलद वाटू लागतात. म्हणून पाठवण्यापूर्वी त्याच मुद्रणाच्या दोन प्रती तानपुऱ्याशी ताडून पाहाव्यात. खरखर काढणारे सॉफ्टवेअरही जपून वापरावे. ते जास्त लावले की खरखरीबरोबर तानपुऱ्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नादही जातो, आणि मग थोडी खरखर असलेली मूळ प्रतच बरी वाटते. तबकडीवरून स्वतः प्रत करत असाल तर ती फ्लॅकमध्ये, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात ठेवावी. एमपीथ्रीचे पुन्हा एमपीथ्री करू नये, कारण दर वेळी थोडा तपशील हरवतो आणि नंतर फ्लॅक केले तरी तो परत येत नाही.

हक्कांचा विचारही आधीच करावा. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा प्रताधिकार प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे चालतो. त्यामुळे अलीकडच्या प्रकाशित मुद्रणाची फाइल वाटण्याऐवजी अधिकृत दुवा द्यावा. खासगी मैफलींच्या ध्वनिफितींबाबत अधिक काटेकोर राहावे. गायकाने ते गाणे मोजक्या श्रोत्यांपुढे, कदाचित प्रकृती बरी नसतानाही गायलेले असू शकते, आणि ते सर्वदूर जावे अशी त्याची इच्छा असेलच असे नाही. कलाकाराला, तो हयात नसल्यास त्याच्या कुटुंबीयांना, आणि ज्याने ते मुद्रण केले त्यालाही विचारावे. नकार आला तर ध्वनिफीत कोणाकडेही पाठवू नये.