एजंट बंद झाला, टोकन मात्र चालूच: या चुका टाळा

एजंट म्हणजे आपल्या वतीने आपोआप काम करणारा प्रोग्रॅम, आणि टोकन म्हणजे दुसऱ्या सिस्टीममध्ये शिरण्यासाठी त्याला मिळालेली गुप्त अक्षरांची ओळ. एजंट काढला तरी टोकन रद्द करायचं राहून जातं, आणि तिथेच घोळ होतो. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीने १ फेब्रुवारी २०२४ रोजी स्वतःकडे झालेल्या घुसखोरीची हकीकत जाहीर केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑक्टा या लॉगिन सेवा देणाऱ्या कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा क्लाउडफ्लेअरची लॉगिन माहितीही फुटली होती. मग हजारो पासवर्ड आणि टोकनं बदलली गेली. राहून गेलं फक्त एक सर्व्हिस टोकन आणि तीन सर्व्हिस अकाउंटचे (माणसांऐवजी प्रोग्रॅम वापरतात त्या खात्यांचे) पासवर्ड. का, तर ती वापरातच नाहीत असा समज होता. नोव्हेंबरात घुसखोर त्यांच्याच जोरावर कंपनीच्या अ‍ॅटलासियन सर्व्हरपर्यंत, म्हणजे अंतर्गत कागदपत्रं आणि कोड ठेवलेल्या जागेपर्यंत, पोहोचला.

म्हणून पहिली चूक हीच: ‘हे कोणी वापरत नाही’ म्हणून सोडून देणं. वापरात नसलेलं टोकन रद्द करायला तर सगळ्यात सोपं, कारण त्याने काहीच बंद पडणार नाही. पडलंच, तर ते वापरात होतं हे तरी कळेल.

दुसरी चूक जवळपास प्रत्येक टीममध्ये दिसते. सर्व्हरवरची प्रोसेस थांबवली, क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) काढला, कंटेनर (प्रोग्रॅम चालवायची बंदिस्त पेटी) उडवला, आणि कामाचं तिकीट बंद. पण एजंटची ओळख त्या प्रोसेसमध्ये नसते, ती समोरच्या सिस्टीमने दिलेल्या टोकनमध्ये असते. टोकन ज्याच्या हाती लागेल तो एजंट. गिटमधून (कोडचा इतिहास जपणाऱ्या टूलमधून) फाइल काढून नवीन कमिट, म्हणजे बदलाची नवी नोंद, टाकल्यानेही भागत नाही, जुन्या कमिटमध्ये ‘की’ (गुप्त किल्ली) तशीच असते. आधी की रद्द करा, इतिहास साफ करायला मागाहून वेळ आहे.

आता ‘रद्द केलं तरी चालतंय’ ही नेहमीची तक्रार. याचं कारण बहुतेक वेळा टोकनच्या प्रकारात सापडतं. जेडब्ल्यूटी पद्धतीचं, म्हणजे माहिती आणि डिजिटल सही स्वतःतच असलेलं, टोकन तपासताना बरेच सर्व्हर फक्त सही आणि मुदत बघतात, टोकन देणाऱ्याला विचारायला जातच नाहीत. मग तुम्ही तिकडे काहीही रद्द करा, मुदत संपेपर्यंत ते चालणार. गुगल क्लाउडवर सर्व्हिस अकाउंटची की डिलीट केली, तरी त्या कीवरून आधीच काढलेली अल्प मुदतीची टोकनं मरत नाहीत. ती लगेच थांबवायची तर अख्खं अकाउंट डिसेबल किंवा डिलीट करावं लागतं. आधी डिसेबलच करा. डिलीट केलेलं अकाउंट ३० दिवसांच्या आत परत आणता येतं खरं, पण त्याच नावाने नवीन बनवलंत तर जुन्या परवानग्या त्याला लागू होत नाहीत. नाव तेच आणि एरर ४०३ (‘परवानगी नाही’), यात लोकांची अख्खी दुपार जाते.

ओऑथमध्ये, म्हणजे पासवर्ड न देता टोकनने प्रवेश देण्याच्या पद्धतीत, आणखी एक फसगत आहे. टोकन रद्द करण्याच्या आरएफसी ७००९ या मानकानुसार चुकीचं किंवा अस्तित्वातच नसलेलं टोकन रद्द करायला पाठवलं तरी सर्व्हर २०० (‘ठीक’) असंच उत्तर देतो. स्क्रिप्टमध्ये टोकन कॉपी करताना शेवटचं अक्षर गळालं तरी लॉगमध्ये सगळं हिरवंगार! त्यामुळे रद्द करण्याच्या विनंतीचं उत्तर पुरावा म्हणून धरू नका. जुनंच टोकन घेऊन एक साधी विनंती मारा. ४०१ (‘ओळख पटली नाही’) आला तरच काम झालं. टेलिग्रामच्या बॉटचंही तेच: बॉटफादरकडून (टेलिग्रामचे बॉट सांभाळणाऱ्या अधिकृत बॉटकडून) टोकन रद्द करून घ्या आणि जुन्या टोकनने ‘गेट-मी’ची (बॉटची स्वतःची माहिती मागणारी) विनंती करून बघा.

बाहेरच्या जोडण्या विसरणं ही महागात पडणारी चूक. ऑगस्ट २०२५ मध्ये ड्रिफ्ट या चॅट एजंटची ओऑथ टोकनं चोरीला गेली आणि ती वापरून अनेक कंपन्यांच्या सेल्सफोर्समधला (ग्राहकांची माहिती ठेवण्याच्या सेवेतला) डेटा उचलला गेला. २० ऑगस्टला सेल्सफोर्सकडची टोकनं रद्द झाली. पण ड्रिफ्ट इतरही सेवांना जोडलेला होता, त्यामुळे पुढे तिथली टोकनंही फुटलेलीच समजा असं सांगण्याची वेळ आली. एजंट कुठे कुठे जोडलाय याची यादी जोडतानाच लिहून ठेवायची असते.

आणि आता डॉक्युमेंटेशन, जे बहुतेक टूलमध्ये असं असतं: ‘रिव्होक: एजंट रिव्होक करतो.’ (रिव्होक म्हणजे रद्द.) रात्री दोन वाजता की फुटल्याचं कळलेल्या माणसाला याचा काय उपयोग? त्याऐवजी असं लिहा (यातलं अॅक्सेस टोकन प्रत्यक्ष विनंतीसोबत जातं, आणि रिफ्रेश टोकन नवं अॅक्सेस टोकन मिळवून देतं):

‘या कमांडने एजंटचं रिफ्रेश टोकन लगेच रद्द होतं. आधी दिलेली अ‍ॅक्सेस टोकनं जास्तीत जास्त १५ मिनिटं चालू राहतात. तीही तोडायची असतील तर एजंट डिसेबल करा. याच एजंटने तयार केलेले उप-एजंट रद्द होत नाहीत, त्यांची यादी वेगळ्या कमांडने काढा. ही क्रिया मागे घेता येत नाही. अ‍ॅडमिनचा अधिकार लागतो.’

यातला १५ हा आकडा तुमच्या टूलप्रमाणे बदलेल, पण आकडा हवाच. ‘थोड्या वेळाने’ असं लिहू नका. ‘डिसेबल’, ‘डिलीट’ आणि ‘रिव्होक’ हे शब्द एकाच पानावर एकमेकांऐवजी वापरू नका. कमांड यशस्वी झाल्यावर स्क्रीनवर नुसतं ‘झालं’ न दाखवता कोणता एजंट, किती टोकनं आणि कधीपर्यंत, हे छापा. शून्य टोकनं रद्द झाली असतील तर तेही छापा, नाहीतर नावात चूक झालेला माणूस निर्धास्त झोपायला जातो.