लाराव्हेलमध्ये टेबल हाताने बनवू नका
लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये पहिलं अ‍ॅप करताना पीएचपीमायअ‍ॅडमिन हे डेटाबेस हाताळायचं साधन उघडून टेबल बनवायचा मोह होतो. तो टाळा. मायग्रेशन फाइल, म्हणजे टेबलाची रचना कोडमध्ये सांगणारी फाइल, लिहून लाराव्हेलच्या आर्टिसन या कमांड-लाइन साधनाची मायग्रेट कमांड चालवा. तीच रचना मित्राच्या लॅपटॉपवर आणि सर्व्हरवरही जशीच्या तशी उभी राहते.

एखादा कॉलम राहिला? एकदा चालून गेलेली फाइल बदलून उपयोग नाही, कारण कोणत्या फाइली चालल्या याची नोंद लाराव्हेल ‘मायग्रेशन्स’ नावाच्या टेबलात ठेवतं आणि त्या पुन्हा चालवत नाही. त्या कॉलमसाठी नवी मायग्रेशन लिहा. ‘मायग्रेट फ्रेश’ ही कमांड मात्र फक्त स्वतःच्या मशीनवर, कृपा करून! ती सगळी टेबलं डेटासकट उडवते.

सुरुवातीला मायएसक्यूएल या वेगळ्या डेटाबेस सर्व्हरचीही गरज नाही. २०२४ च्या ११ व्या आवृत्तीपासून नव्या प्रोजेक्टला एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा डेटाबेसच मिळतो.