नोव्हेना संपल्यावर काय करायचं?

२४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), ३ डिसेंबरला सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, सावंतवाडी-बेळगावकडून लोक चालत येतात, त्यात कुणी रिट्रीट (प्रार्थनेचं शिबिर) केली असेल तर विचारूच नका, भरून येतं, सगळ्यांना माफ करून टाकावंसं वाटतं. मग ख्रिसमस होतो, जानेवारी उजाडतो आणि प्रार्थनेला बसलं की डोक्यात फक्त गॅस सिलिंडर आणि पोरांची फी. लोक घाबरतात, श्रद्धा गेली की काय. नाही गेली हो, चाल आत्ता सुरू झालीय.

सगळ्यात आधी, अशा दिवसांत मोठा निर्णय घेऊ नका. चर्च सोडायचं, प्रार्थनेचा ग्रुप बदलायचा, ते राहू दे. जेझुइट संघ स्थापणारे संत इग्नेशियस (आपले फ्रान्सिस झेवियर त्यांच्याच पहिल्या साथीदारांतले) हेच सांगून गेलेत, मन कोरडं असताना आधी ठरवलेलं बदलू नये. आणि उलटंही आहे बरं का, जोशात असताना घाईघाईने नवस-वचनं देऊ नयेत. रिट्रीटच्या शेवटच्या दिवशी "रोज तीन रोझरी (जपमाळा)" म्हणणाऱ्यांनी हे जरा वाचावं.

त्यापेक्षा छोटी वेळ ठरवा, दहा मिनिटं, पण रोज तीच. कदंबाच्या बसमध्ये सुद्धा चालेल. काही सुचत नसेल तर स्तोत्र १३ काढा, सहाच वचनं, सुरुवातच तक्रारीने होते की देवा, अजून किती दिवस मला विसरणार. बायबलमध्ये हे चालतं तर आपल्या तोंडून का नको? झोपण्याआधी दिवस एकदा मागे फिरवून बघा, कुठे देव जवळ वाटला, कुठे आपण कुणावर खेकसलो.

आता बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याचं बघा. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरला आणि पुढच्याच अध्यायात हा माणूस रानात झुडपाखाली बसून मरण मागतोय! देवदूताने त्याला लेक्चर नाही दिलं, भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं, मग कुठे तो होरेब डोंगरापर्यंत चालला. म्हणून आधी झोप आणि जेवण नीट करा. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच मन नाही असं असेल तर डॉक्टरकडे जा, प्रत्येक गोष्ट प्रार्थना कमी पडल्यामुळे होत नसते.

आणि कुणाच्या तरी उपयोगी पडा. डोंगरावर येशूचं तेजस्वी रूप दिसलं तेव्हा त्याचा शिष्य पेत्र याला तिथेच तीन मंडप बांधायचे होते, पण येशू खाली घेऊन आला आणि खाली आजारी मुलाचा बाप उभा होता, विश्वास आहे पण कमी पडतोय असं म्हणणारा. त्याचंही काम झालंच. वाड्यावरच्या एकट्या म्हातारीला औषधं आणून द्या, मनात काही वाटो न वाटो.

बाणावलीचे संत जुझे वाझ १६८७ मध्ये वेष बदलून श्रीलंकेत शिरले, डच लोकांनी तिथे कॅथलिक धर्मावर बंदी घातलेली, कँडीत हेर समजून कैदही झाली. तरी १७११ मध्ये वारले तोपर्यंत तिथेच राहिले, गावोगाव फिरत, आजाऱ्यांची सेवा करत. एवढी वर्षं नुसत्या उत्साहावर निघत नाहीत.

शेवटचं एक, ग्रुपमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला उभं केलं तर हे कोरडे महिने पण सांगा, नवीन आलेल्यांना फक्त चमत्कारच ऐकायला मिळतात.