प्रिंट काळपट येतेय? लॅबशी भांडण्याआधी मॉनिटर बघा

स्क्रीनवर नवरीचा चेहरा उजळ, शालूची जर लखलखीत. लॅबमधून अल्बम येतो तेव्हा मात्र भरदुपारचं लग्न संध्याकाळी लागल्यासारखं दिसतं! बहुतेक वेळा यात लॅबचा दोष नसतो. नवा मॉनिटर ब्राइटनेस चढवूनच येतो. २५० ते ३५० निट्स (स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) सर्रास. छपाईच्या एडिटिंगला ८० ते १२० पुरतात. त्या झगझगाटात फोटो जास्तच उजळ वाटतो, आपण एक्स्पोजर खाली ओढतो आणि फाइल खरोखरच काळवंडते. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, डावीकडे, अंधाराच्या बाजूला गोळा झालेला असतो, पण तिकडे बघतो कोण?

मॉनिटर तसाच ठेवून प्रत्येक फाइल अंदाजाने उजळत बसणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एखादा फोटो जमतो, पुढच्यात पांढऱ्या सदऱ्यातले बारकावे उडतात.

ब्राइटनेसऐवजी कॉन्ट्रास्ट उतरवणं किंवा ग्राफिक्स कार्डच्या सॉफ्टवेअरमधला स्लायडर ओढणं, हेही नको. त्याने बॅकलाइट तेवढाच राहतो, छटा मात्र कमी होतात आणि आकाशात पट्टे दिसू लागतात. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतूनच ब्राइटनेस कमी करा. त्याआधी डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, ऑटो ब्राइटनेस आणि नाइट लाइट बंद.

किती कमी? कॅलिब्रेटर (स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजणारं उपकरण) असेल तर १०० निट्सपासून सुरुवात करा. नसेल तर कॅमेरा आहेच. मॉनिटर अर्धा तास चालू राहू द्या, स्क्रीनभर पांढरा रंग आणा. मॅन्युअल मोड, आयएसओ १००, एफ ५.६, शटर १/३०. फोकस मुद्दाम घालवून फ्रेम पांढऱ्याने भरा आणि ब्राइटनेस उतरवत जा. कॅमेऱ्याचा मीटर शून्यावर आला की साधारण १२० निट्स झाले. शटर १/२० ठेवलं तर तोच शून्य ८०च्या आसपास मिळतो. अंधाऱ्या खोलीत काम करणाऱ्यांनी हा धरावा. सुरुवातीला स्क्रीन मळकट वाटेल, पण डोळे लवकर सरावतात.

प्रिंट मिणमिणत्या दिव्याखाली तपासू नका. तिथे चांगली प्रिंटही काळीच दिसते. दिवसा खिडकीजवळ बघा, थेट उन्हात नको.

उजेड जुळला तरी चेहरे हिरवट किंवा लालसर येत असतील, तर ब्राइटनेसला हात लावू नका. लॅबकडून त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उमटतात हे सॉफ्टवेअरला सांगणारी फाइल, मागून घ्या. घरच्या प्रिंटरवर छापत असाल, तर रंगांचं नियंत्रण एडिटिंग सॉफ्टवेअर आणि प्रिंटर ड्रायव्हर यांपैकी एकाकडेच ठेवा.