लक्षद्वीपला जाऊन कोरल लावणार? मग या चुका टाळा

सोलापूर तापलं की सगळ्यांना समुद्र आठवतो आणि आता तर काहीजण नुसतं फिरायला नाही, 'तिथं जाऊन कोरल लावून येऊ' म्हणायलेत, म्हणजे कोरलचे (प्रवाळाचे) तुटके तुकडे समुद्रातल्या खडकावर बसवायचे, ते वाढावेत म्हणून. चांगलंय, पण पहिली चूक महिना निवडण्यातच होते. आपल्या पोरांना सुट्टी एप्रिल-मेमध्ये आणि लक्षद्वीपचं पाणी सगळ्यात गरम पण तेव्हाच. कोरल म्हणजे दगड नाही की झाड नाही, बारीक बारीक प्राणी आहेत ते, त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं आणि तेच उन्हावर अन्न तयार करून त्यांना पोसतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद डिग्रीनं जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की हे शेवाळ बाहेर पडतं आणि कोरल पांढरंफट्ट होतं. आपण 43 डिग्रीत पण डोक्याला टॉवेल गुंडाळून बाजार करून येतो, कोरलला ती एक डिग्रीच जड जाते. 1998, 2010, 2016 आणि परत 2024 ला तिथं हेच झालं, अशा पाण्यात नवीन तुकडे लावणं म्हणजे मेहनत पण गेली आणि कोरल पण.

पांढरं दिसलं की मेलं असं धरू नका. ते उपाशी आहे, पाणी वेळेत थंड झालं तर शेवाळ परत येतं आणि रंग पण येतो. खरंच मेलं असेल तर थोड्या दिवसांनी वर हिरवट-तपकिरी थर चढतो. तोवर हात लावायचा नाही, आणि फिन्स (पोहताना पायात घालायचे पंखे) मारून तळाची वाळू त्याच्यावर उडवायची नाही, ही वाळूवाली चूक नवीन स्नॉर्केलिंगवाले (तोंडात नळी धरून पाण्यात बघत पोहणारे) सगळेच करतात.

लावलेल्या तुकड्यांवर बाहेरचं शेवाळ (आतलं पोसणारं नव्हे) चढतंय म्हणून नुसतं ब्रशनं घासत बसणारे असतात. घासायला लागतंयच, पण शेवाळ येतंय कुठनं ते बघा ना. बहुतेक वेळा सांडपाणी, नाहीतर शेवाळ खाणारे पोपटमाशासारखे मासे कमी झालेले. रिसॉर्टचं सांडपाणी कुठं जातं हे बुकिंग करतानाच विचारा, आणि ताटात पोपटमासा मागू नका.

तुकडे हलतात आणि धरत नाहीत, ही दुसरी तक्रार. लाटेनं जरा जरी हलत असला तर तो खडकाला चिकटतच नाही, घट्ट बसवायला पाहिजे आणि मोकळ्या वाळूवर तर लावूच नये. चांगल्या जिवंत कोरलचा तुकडा तोडून दुसरीकडं लावणं हा तर मूर्खपणा आहे, लाटेनं किंवा बोटीच्या नांगरानं आधीच तुटलेले तुकडे वापरतात. ते पण एकाच कोरलचे नकोत, सगळे एकसारखे असले की एक रोग आला तर सगळे जातात.

आणि हे आपलं आपण करायचं काम नाही बरं का. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कोरल पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. किनाऱ्यावर पडलेला तुकडा शोकेससाठी बॅगेत टाकला तरी अडकाल. परवानगी असलेल्या संस्थेबरोबरच जा. तमिळनाडूजवळच्या मन्नारच्या आखातात तुतीकोरिनची एक सागरी संशोधन संस्था 2002 पासून हे काम करतीय.

'जुने टायर टाकू, त्यावर कोरल येईल' असं कुणी सुचवलं तर हात जोडा. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ 1970 च्या दशकात जवळपास 20 लाख टायर टाकले, बांधलेल्या पट्ट्या गंजून तुटल्या, टायर सुटे होऊन शेजारच्या चांगल्या रीफवरच (कोरलच्या खडकावरच) जाऊन आपटायला लागले आणि ते काढायचं काम पुढं कित्येक वर्षं चाललं.

सनस्क्रीनचा बाऊ जरा जास्तच होतो असं मला वाटतं, खरा त्रास गरम पाण्याचा आणि सांडपाण्याचा. तरी ऑक्सिबेंझोन (ऊन अडवणारं एक रसायन) असलेली नका नेऊ, त्यापेक्षा फुल बाह्यांचा स्विमिंग टीशर्ट घाला.

कोरल दत्तक घ्या म्हणून पैसे मागणारे पण असतात. मोठे गोलसर कोरल वर्षाला साधारण एखाद सेंटिमीटरच वाढतात, त्यामुळं लावल्या दिवशीचा फोटो बघून पैसे पाठवू नका, दोन वर्षांनी त्यातले किती जगले तो आकडा मागा.